वायफायच्या खांबाला कान हवेत

‘रेंज एक किलोमीटर’ असं वायफायच्या खोक्यावर छापलेलं असतं आणि गावासाठी खरेदी करताना तेवढीच ओळ वाचली जाते. हे अंतर कोणता अँटेना लावून मोजलं, किती उंचीवरून मोजलं, मध्ये झाड किंवा भिंत होती का, समोर कुठलं यंत्र धरलं होतं, हे कुणी विचारत नाही. मी भोर तालुक्यात बिनतारी इंटरनेटचं काम करते. वेळवंड खोऱ्यात, हिरडस मावळात, नीरा-देवघरच्या वरच्या अंगाच्या वाड्यांमध्ये खांब उभे करायचे, त्यांवर रेडिओ आणि अँटेना चढवायचे आणि पावसाळा सरला की सगळं पुन्हा उघडून बघायचं, हा माझा धंदा. तो करता करता माझं मत पक्कं होत गेलं आहे. गावच्या सार्वजनिक वायफायचा पैसा आपण चुकीच्या जागी घालतो. सगळा भर रेडिओच्या खोक्यावर असतो. अँटेना, त्याची जागा, त्याची केबल आणि त्याची देखभाल यांना निविदेत जेमतेम एखादी ओळ मिळते.

घाटमाथ्याला हे जास्त नडतं, कारण इथे गाव एका जागी नसतं. देशावरचं गाव म्हणजे देवळाभोवती दाटीने बसलेली घरं. पंचायतीच्या गच्चीवर बरं यंत्र लावलं तर निम्मं गाव त्याच्या टप्प्यात येतं. आमच्याकडे एका गट ग्रामपंचायतीत चार-पाच वाड्या, एक ओढ्याच्या अल्याड, एक पल्याड, एक धनगरवस्ती वर माथ्यावर. केंद्राने २०११ मध्ये मंजूर केलेली आणि २०१५ पासून भारतनेट या नावाने चाललेली योजना मुळात पंचायतीच्या दारापर्यंत फायबर नेण्याची. ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या सुधारित आवृत्तीला १,३९,५७९ कोटी रुपये मंजूर झाले. पैसा मोठा आहे आणि तो लागणारच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पंचायतीच्या कपाटात दिवा लुकलुकू लागला म्हणजे वाडीत इंटरनेट आलं असं होत नाही. ओढा ओलांडून, माळ चढून पुढे जायचं ते हवेतूनच.

सप्टेंबरात ई-पीक पाहणीची मुदत जवळ आली की पंचायतीच्या ओट्यावर गर्दी होते. खाचरात उभं राहून भाताचा फोटो काढायचा आणि शेतात रेंज नाही म्हणून तो पाठवायला वायफायच्या खांबापाशी यायचं. तिथे हमखास कानावर येणारं वाक्य म्हणजे, “ताई, रेंज फुल दाखवतंय, पण फोटो जातच नाही.” फोन हातात घेऊन बघावं तर खरंच सगळ्या दांड्या भरलेल्या. कुणी पाठवलेला व्हिडिओ उतरतो, हवामानाचा अंदाज उघडतो, फोटो मात्र वर चढताना नुसता गोल फिरत राहतो. लोक म्हणतात सर्व्हर डाऊन आहे. कधी कधी असतोही. पण पुष्कळदा दोष डोक्यावरच्या खांबात असतो.

फोनवरच्या दांड्या एवढंच सांगतात, की खांबाचं बोलणं फोनला किती ऐकू येतंय. फोनचं बोलणं खांबाला किती ऐकू येतंय, ते त्या सांगत नाहीत. खांबावरचा रेडिओ अर्धा-एक वॉट ताकदीने बोलू शकतो. खिशातला फोन वॉटच्या दहाव्या भागाच्या वर सहसा जात नाही. त्याला बॅटरी पुरवायची असते आणि त्याचा अँटेना काचेच्या आत, हाताच्या मुठीत दाबलेला असतो. शिवाय वायफायमध्ये पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोच समोरून यावी लागते. पोच आली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो, पुन्हा, पुन्हा, आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. म्हणजे लांब उभ्या असलेल्या एका शेतकऱ्याचं बोलणं खांबाला नीट ऐकू आलं नाही, तर ओट्यावर बसलेल्या दहाजणांचं काम रखडतं.

यावर खरेदी करणाऱ्यांचा उपाय ठरलेला : जास्त पॉवरचं यंत्र घ्या. त्याने खांब आणखी मोठ्याने बोलतो. ऐकतो तेवढंच.

बाहेरून लावलेला चांगला अँटेना दोन्ही कामं करतो, जाणारं बोलणं एका दिशेला एकवटतो आणि त्याच दिशेने येणारं क्षीण बोलणंही गोळा करतो. तो स्वतः वीज निर्माण करत नाही. चहूकडे विखरून वाया जाणारी ताकद हवी तिकडे वळवणं एवढंच त्याचं काम, आणि ते जाताना-येताना सारखंच लागू पडतं. हे डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबल म्हणजे दुप्पट, ६ म्हणजे चौपट, १० म्हणजे दहापट.

आता कायदा पाहा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा केंद्राने जानेवारी २००५ मध्ये परवान्यातून मुक्त केला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या भागातले ६०५ मेगाहर्ट्झ खुले झाले, घरात आणि घराबाहेरही. मोकळीक दिली ती मर्यादा घालूनच. २.४ मध्ये, आणि ५ गिगाहर्ट्झच्या सगळ्यात वरच्या टप्प्यात, अँटेनाची वाढ धरून बाहेर पडणारी ताकद ४ वॉटच्या वर जाता कामा नये; आमच्या भाषेत ३६ डीबीएम. रेडिओ अर्ध्या वॉटचा, म्हणजे २७ डीबीएमचा असेल आणि त्याला ९ डेसिबलचा अँटेना लावला की बेरीज ३६ झाली, मर्यादा गाठली. त्यापुढे पॉवर वाढवणं बेकायदा आहे.

पण मर्यादा बोलण्यावर आहे, ऐकण्यावर नाही. त्याच खांबावर ९ च्या जागी १५ डेसिबलचा, एकाच बाजूला रोखलेला सेक्टर अँटेना चढवा आणि रेडिओची पॉवर २१ डीबीएमपर्यंत, म्हणजे वॉटच्या आठव्या भागापर्यंत उतरवा. बेरीज तीच ३६. त्या बाजूला फोनवर दिसणाऱ्या दांड्या होत्या तेवढ्याच राहतील. पण फोनकडून येणारा सिग्नल आता चौपट गोळा होईल आणि बाकीच्या दिशांचा गोंगाट कमी होईल. २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११, आणि भोरच्या बाजारपेठेसारख्या जागी प्रत्येक दुकानाचा राउटर त्यांतलाच एखादा धरून बसलेला असतो. तिथे मोठ्याने बोलणाऱ्या खांबापेक्षा नेमकं ऐकणारा खांब हवा. गच्चीवर उभं राहून पॉवर उतरवायला सांगितलं की सरपंच माझ्याकडे संशयाने बघतात, पैसे घेऊन यंत्र कमजोर करतेय की काय म्हणून. खालून फोटो पटकन गेला की मग पटतं.

अर्थात नुसता मोठ्या आकड्याचा अँटेना आणूनही भागत नाही, आणि इथेच सर्वांत जास्त पैसा वाया जातो. गावात उंच जागा म्हणजे पाण्याची टाकी. त्यामुळे टाकीच्या टोकावर चारी दिशांना सारखा पसरणारा ओम्नी अँटेना लावायचा, तोही जास्तीत जास्त डेसिबलचा, असा सरसकट प्रघात पडला आहे. १२ डेसिबलचा उभा दांडा दिसायला दमदार दिसतो. पण ओम्नीत डेसिबल वाढतात ते वर-खाली जाणारी ताकद आडवी दाबूनच. अशा दांड्याचा झोत उभ्या दिशेने जेमतेम सात-आठ अंशांचा उरतो. टाकी १५ मीटर उंच धरली, तर झोताची खालची कड जमिनीला टेकते ती टाकीपासून दोनशे ते अडीचशे मीटरवर. तेवढ्यात आमची अख्खी वाडी संपते! म्हणजे मुख्य झोत घरांवरून निघून जातो आणि खालच्या माणसांना मिळते ती कडेची गळती. ती अंगणात पुरते, भिंतीआड पुरत नाही. आणि उतारावरच्या वस्तीचं तर विचारूच नका. टाकी माथ्यावर आणि घरं पन्नास-साठ मीटर खाली, अशा वाडीत तो दांडा समोरच्या डोंगराला इंटरनेट पुरवत असतो.

तिथे हवा असतो पॅनल किंवा सेक्टर : ९० किंवा १२० अंशांत पसरणारा, आणि क्लॅम्पवर घरांच्या दिशेने खाली झुकवलेला. टाकीपेक्षा शाळेचं छत बरं, कधी समोरच्या उतारावरचं एखादं घर त्याहून बरं, कारण तिथून सगळ्या वाडीची दारं समोर दिसतात. यासाठी कुणीतरी गावात येऊन, चालून, घरं मोजून, कागदावर उतार काढून आणावा लागतो. खोक्यांच्या खरेदीत या चालण्याला किंमत लावलेली नसते.

एका शाळेत मी पाहिलेली मांडणी सांगते. चांगल्या प्रतीचा, बाहेर लावायचाच रेडिओ, पाणी-धुळीला दाद न देणारा. पण बसवणाऱ्याने तो भिंतीवर, पत्र्याच्या पागोळीखाली लोखंडी जीआय पाइपला चिकटवून ठोकला होता. वर पत्रा, बाजूला पाइप, समोर खिडकीची जाळी. रेडिओला अँटेनासाठी दोन तोंडं होती. दोन तोंडं दिलेली असतात ती दोन्ही वापरण्यासाठी. एक उभ्या ध्रुवणाचा, एक आडव्या ध्रुवणाचा सिग्नल असे दोन प्रवाह एकदम चालवून वेग वाढवायचा, ही आजच्या वायफायची मूळ रीत. इथे एका तोंडाला अँटेना होता आणि दुसरं उघडंच. निविदेत ‘अँटेना – नग १’ लिहिलं होतं, म्हणून एकच आला. उघड्या तोंडात कुंभारमाशीने मातीचं घर केलं होतं. निम्मा रेडिओ बसवल्या दिवसापासून बिनकामाचा, आणि कागदोपत्री ते गाव ‘जोडलेलं’.

केबलचं तर वेगळंच दुखणं आहे. रेडिओ खाली खोलीत ठेवायचा, कारण तो महाग आणि चोरीला जाईल अशी भीती, अँटेना वर, मध्ये लांबलचक केबल. बाजारात सहज मिळणारी बारीक काळी आरजी-५८ केबल २.४ गिगाहर्ट्झला मीटरमागे साधारण १ डेसिबल खाते. १० मीटर केबल टाकली की १० डेसिबल गेले, रेडिओने दिलेल्या ताकदीचा दहावा भाग वर पोचला. फोनकडून आलेलं क्षीण बोलणंही त्याच केबलमधून दहावा भाग होऊन खाली उतरतं. महागडा अँटेना घ्यायचा आणि त्याची सगळी कमाई केबलला चारायची, असा हा व्यवहार. जाड एलएमआर-४०० वापरली तर तेवढ्याच अंतरात दोन-सव्वादोन डेसिबल जातात, पण ती महाग आणि वळवायला अवघड. म्हणून रेडिओ वरच, अँटेनाच्या पाठीला, हातभर केबलवर बसवावा, आणि खाली यावी ती नेटवर्कची साधी तार. तिच्यातूनच वीजही वर जाते आणि ती १०० मीटरपर्यंत चालते. चोरीच्या भीतीवर उपाय खांबाला काटेरी कडं घालणं हा आहे. रेडिओ कपाटात ठेवून चोरी टळते, इंटरनेटही टळतं.

आमच्या भागात सगळ्यांचा खरा शत्रू पाणी. ऑक्टोबरात मी कनेक्टर उघडते तेव्हा आधी त्याच्या तोंडाशी बोट लावते. बोट ओलं झालं की पुढचं कळतं : मधली पितळी पिन हिरवी पडलेली, जाळीची चमक जाऊन तिची काळसर भुकटी झालेली, आणि केबल सोलत मागे गेलं की हातभर आतपर्यंत ओल. पाणी कनेक्टरच्या आट्यांतून शिरतं आणि जाळीतून केबलच्या पोटात चढत जातं. यंत्र बंद पडत नाही. ते महिन्यागणिक थोडं थोडं बहिरं होत जातं, आणि म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. याला लागतो तो चिकटून एकजीव होणारा रबरी टेप, खालून वर गुंडाळत नेलेला, म्हणजे प्रत्येक वेढा कौलासारखा खालच्यावर चढतो. त्यावर उन्हात न फाटणारा काळा टेप. आणि केबल कनेक्टरमध्ये शिरण्याआधी तिला खाली एक झोल, म्हणजे धार झोलावरून गळून जाते. हे काम दहा मिनिटांचं आहे. पण ते करणाऱ्याला खांबावर दहा मिनिटं जास्त थांबण्याचे पैसे कुणी देत नाही, म्हणून तो वीजवाल्याचा पिवळा टेप मारून उतरतो.

जागेची पाहणी कधी करतात, हेही बघण्यासारखं आहे. सरकारी वर्ष मार्चला संपतं, कामं एप्रिल-मेमध्ये निघतात. तेव्हा साग आणि ऐन निष्पर्ण, हवा कोरडी, या टेकडीवरून त्या टेकडीचा टॉवर स्वच्छ दिसतो. पाहणी करणारा दुर्बिणीतून बघून ‘क्लिअर’ लिहितो. जुलैत तीच झाडं पानांनी गच्च होतात, पानं पाण्याने निथळतात, आणि ओलं पान हे रेडिओलहरी शोषून घेण्यात पटाईत. शिवाय दिसणं आणि लहर जाणं यांत फरक आहे. दोन अँटेनांच्या मध्ये लहरीला सरळ रेषेभोवती फुगीर जागा मोकळी लागते. ५ किलोमीटरच्या लिंकला ५.८ गिगाहर्ट्झवर मधोमध या जागेची त्रिज्या सुमारे ८ मीटर असते, आणि त्यातली निदान पाच मीटर तरी मोकळी हवी. रेषेच्या खाली दोन मीटरवर आलेला जांभळीचा शेंडा दुर्बिणीला आड येत नाही, लिंकला येतो.

भाटघरच्या जलाशयावरून लिंक टाकताना आणखी एक गोष्ट समोर येते, ती पुस्तकात वाचलेली असली तरी डोळ्यांनी बघताना नवल वाटतं. मे महिन्यात धरण तळाला गेलेलं असताना उत्तम चालणारी लिंक ऑगस्टात पाणी चढलं की ठराविक पातळीला लंगडते आणि पातळी आणखी चढली की पुन्हा सुधारते. कारण एक लहर सरळ येते आणि दुसरी पाण्यावर आपटून येते. दोघींच्या वाटांच्या लांबीत फरक पडतो, आणि तो अमुक इतका असला की त्या एकमेकींना मारतात. त्यावर उपाय पॉवरचा नाही. अँटेना मीटरभर खाली-वर सरकवायचा, किंवा मागे घेऊन असा लावायचा की काठाचा उंचवटा पाण्यावरून उसळलेल्या लहरीला आडवा येईल. पुण्यात बसून नकाशावर लिंक आखणाऱ्याला हे दिसणार कसं? वर्षभर काठावर राहणाऱ्याला विचारलं तर पाणी कुठवर चढतं ते तो बोटाने दाखवतो.

विजेबद्दल थोडक्यात. एप्रिल-मेच्या वळवात माथ्यावरचा लोखंडी खांब वीज बोलावतोच. कातळात अर्थिंग लागत नाही. खड्डा मोठा घ्यावा लागतो, कोळसा आणि मीठ भरावं लागतं, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतावं लागतं. अर्थिंग कागदावर असतं आणि खांबाशी नसतं, अशा ठिकाणी पहिल्या वळवात रेडिओ जातो आणि कधी कधी त्याच तारेने शाळेचा संगणकही.

यात नवीन काही नाही, हे मला आग्रहाने सांगायचं आहे. माझे वडील भोरमध्ये टीव्हीचे एरियल बसवायचे. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरून पुण्यासाठी प्रक्षेपण होऊ लागलं. डोंगरांच्या आडोशाला असलेल्या आमच्या तालुक्यात ते चित्र पकडायला उंच पाइप, कांड्याकांड्यांचा ॲल्युमिनियमचा अँटेना आणि गच्चीवर चढून तो अंशाअंशाने फिरवणारा माणूस लागायचा. तो अँटेना जपानमध्ये सेंदाई इथल्या विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ च्या सुमारास जगापुढे आणलेला, यागी-उदा. पुणे जिल्ह्यातल्या एका अख्ख्या पिढीला ठाऊक होतं की टीव्ही कितीही भारी घेतला तरी चित्र ठरवतो तो छपरावरचा अँटेना. वायफायच्या बाबतीत हे शहाणपण आपण वापरत नाही, कारण अँटेना खोक्यात लपला आणि दिसेनासा झाला.

ज्यांनी हे गंभीरपणे केलं त्यांनी काय साधलं तेही पाहा. व्हेनेझुएलात एर्मानो पिएत्रोसेमोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये साध्या वायफाय रेडिओंवर ३८२ किलोमीटरची लिंक चालवून दाखवली; डोंगरमाथ्याच्या दोन जागा, मोठ्या डिश आणि पोच यायला लागणाऱ्या वेळेचा बदललेला हिशेब, एवढ्या भांडवलावर. तो विक्रम होता, रोजचं काम नव्हे. रोजचं काम तमिळनाडूत थेनीच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने केलं : बर्कलीच्या संशोधकांना बरोबर घेऊन गावोगावच्या दृष्टिकेंद्रांना लांब पल्ल्याच्या वायफायने जोडलं, आणि गावातला पेशंट थेनीतल्या डॉक्टरांशी पडद्यावर समोरासमोर बोलू लागला. नेपाळात महाबीर पुन यांनी म्याग्दी जिल्ह्यातल्या नांगी गावापासून सुरुवात करून डोंगरी गावं बिनतारी जोडली. त्यांना २००७ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि आपल्या पालघरात आयआयटी मुंबईच्या अभय करंदीकर यांच्या गटाने ‘ग्राममार्ग’ प्रकल्पात आधी टीव्हीच्या रिकाम्या लहरींवर, मग ५.८ गिगाहर्ट्झवर गावं जोडून दाखवली. त्या कामाला २०१७ मध्ये मोझिलाच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं. या सगळ्यांचे रेडिओ स्वस्तातले होते. मेहनत अँटेनाच्या जागेवर, उंचीवर आणि गावातच शिकवून तयार केलेल्या माणसांवर घेतली होती.

यावर मला नेहमी विचारलं जातं की आता फाइव्ह-जी आलंय, उपग्रहाचं इंटरनेट येतंय, मग या खांबांचं काय करायचं? मोबाइल टॉवर यावेत, लवकर यावेत. जुलै २०२२ मध्ये केंद्राने २४,६८० गावांत फोर-जी पोचवायला २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली, ती आमच्यासारख्या भागांसाठीच. पण खोऱ्यातला एक टॉवर एका अंगाचा उतार उजळतो आणि दुसऱ्या अंगाला सावली पडते. त्या सावलीतल्या वस्तीसाठी पुन्हा खांब, पुन्हा अँटेना. उपग्रहाची थाळी एका छपरावर बसेल. तिथून तीस घरांत वाटायला वायफायच लागेल. मोबाइल कंपन्या आता घरात इंटरनेट देताना छपरावर बाहेरचा डबा बसवतात, तोही अँटेनाच आहे. तो नीट रोखलेला नसेल तर फाइव्ह-जीचं नाव असून काही उपयोग होत नाही.

खांबाचा धंदा गावातच राहू शकतो, हा मुद्दाही लहान नाही. ९ डिसेंबर २०२० ला मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या पीएम-वाणी योजनेत चहाच्या टपरीवाल्यालासुद्धा परवाना न काढता, फी न भरता वायफाय विकता येतं. मला ही योजना मनापासून आवडते. पण टपरीवाल्याला कुणी सांगत नाही की राउटर बरण्यांच्या मागे ठेवून शंभर मीटरवरच्या एसटी थांब्यावर गिऱ्हाईक मिळणार नाही. पत्र्यावर एक पॅनल चढवला तर मिळेल. पहिल्या महिन्यात गिऱ्हाईक वैतागतं, दुसऱ्या महिन्यात टपरीवाला बंद करतो, आणि मग वर अहवाल जातो की ग्रामीण भागात मागणी नाही. मागणी ओट्यावर बसलेली मी दर सप्टेंबरात बघते.

म्हणून निविदा लिहिणाऱ्यांकडे माझं मागणं नेमकं आहे. खोक्यांची संख्या आणि ‘रेंज’ या दोन रकान्यांच्या जागी वाडीचा नकाशा मागा, त्यावर अँटेना कुठे, कोणत्या दिशेला, किती झुकलेला, आणि खालचं कुठलं घर त्याच्या झोतात येतं ते काढलेलं असू दे. काम मान्य करताना ठेकेदाराचा लॅपटॉप चालणार नाही. गावातल्या माणसाचा साधा, दोन-तीन वर्षं वापरलेला फोन घ्या, शेवटच्या घराच्या पडवीत उभे राहा आणि खाली किती उतरतं याबरोबर वर किती चढतं तेही मोजून लिहा. रेडिओला जेवढी तोंडं तेवढे अँटेना, ही अट छापीलच घाला. भोरच्या आणि वेल्ह्याच्या आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना कनेक्टर बसवणं, टेप गुंडाळणं आणि अर्थिंग तपासणं आठवड्याभरात शिकवता येतं. प्रत्येक गट ग्रामपंचायतीत त्यांतल्या एकाला वर्षाचा मोबदला बांधून द्या, आणि त्याच्या पिशवीत सुटे कनेक्टर आणि टेपची गुंडाळी राहील एवढा खर्च मूळ अंदाजपत्रकातच धरा.

आणि बिलाचा शेवटचा हप्ता मार्चमध्ये काढू नका. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपर्यंत तो राखून ठेवा. तोवर पानं फुटलेली असतात, धरण भरलेलं असतं, चार महिन्यांचा पाऊस कनेक्टरवर कोसळून गेलेला असतो. त्या दिवशी सभेत पुन्हा तोच साधा फोन, तेच शेवटचं घर. आकडा मार्चमधल्या आकड्याशी जुळला तर सरपंचांनी सही करावी.